जंजिऱ्याच्या सिद्दीचें अंकितत्व : सनद आणि वस्तुस्थिति

१. ईट (जि. धाराशिव) हें गांव ज्या मुलखांत आहे, त्या मुलखाचें जुनें मुख्य ठाणें परांडा. समुद्रापासून इतक्या दूरच्या या ठिकाणाचा जंजिऱ्याशीं कांहीं संबंध असेल, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. परंतु इ. स. १६०० च्या ऑगस्टांत अहमदनगर मोगलांच्या हातीं गेल्यावर मलिक अंबरानें दुसऱ्या मूर्तजास निजामशाहीच्या गादीवर बसवून परांड्यास राजधानी केली. आणि राजपुरीच्या खाडीच्या मुखावरील जंजिरा हें त्या वेळीं निजामशाहीचेंच ठाणें होतें. म्हणजे कांहीं काळ त्या बेटाचा धनी परांड्यास नांदत होता. पुढें या दोन ठाण्यांच्या वाटा अगदीं निराळ्या झाल्या. त्या कां निराळ्या झाल्या हें पाहिलें, म्हणजे मोठ्या राज्याच्या छत्राखालीं एखादें बेट आपला कारभार आपण कसा चालवितें, याचा उलगडा होतो.

२. परांड्याचा किल्ला बळकट, खंदक रुंद, तोफा नामांकित. तथापि निजामशाही कोसळूं लागतांच तो आदिलशाहीकडे गेला व तेथील मुलूख-मैदान तोफ १६३२ सालीं विजापुरास नेण्यांत आली. १६५७ च्या तहानें किल्ला मोगलांस देण्याचें ठरलें. प्रत्यक्ष ताबा मात्र त्यांस १६६० सालीं किल्लेदार फितल्यावर मिळाला. सारांश, भूमीवरील ठाण्यांत धनी बदलला कीं किल्लेदार व शिबंदी बदले.

३. जंजिऱ्याची गोष्ट याच्या उलट आहे. १६३६ च्या तहानें निजामशाही कोंकण विजापुराकडे आलें, तेव्हां सिद्दी आदिलशहाचा चाकर झाला. व्यापाराचें व मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंचें समुद्रावर रक्षण करावें आणि त्याबद्दल मुलूख खावा, असें या चाकरीचें स्वरूप होतें. धनी बदलला, पण बेटांतील माणसें तींच राहिलीं. त्यांतही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मुख्याची जागा बापामागें मुलास मिळावी, असा नियम आरंभीं नव्हता. आरमारांतील हबशी सरदारांत जो श्रेष्ठ ठरे, तो मुख्य होई. शहाची सनद मागाहून येई.

याची खरी कसोटी १६७०-७१ सालीं लागली. शिवाजी महाराजांच्या मोहिमांनीं जेरीस येऊन फत्तेखान बेट त्यांच्या स्वाधीन करण्यास सिद्ध झाला. तेव्हां संबळ, कासीम व खैरियत या तिघां सिद्द्यांनीं त्यास कैद केलें आणि विजापुराचा आश्रय सोडून औरंगजेबाचा स्वीकारला. बादशहानें मनसब व ‘याकूतखान’ हा किताब दिला. येथें धन्यानें चाकर नेमिला असें म्हणण्यापेक्षां चाकरांनीं धनी निवडिला, असें म्हणणें अधिक यथार्थ होय.

४. मग हें स्वातंत्र्यच होतें काय ? तसें म्हणतां येत नाहीं. १६८९ सालीं सिद्दी याकूतखानानें मुंबई बेटावर उतरून इंग्रजांस किल्ल्यांत कोंडलें. परंतु इंग्रजांनीं बादशहाशीं तह करून दंड भरल्यावर त्याच्या हुकुमानें १६९० सालीं त्यास परतावें लागलें. आरमाराचा खर्च सुरतेच्या नेमणुकीवर चालत असल्यानें हा हुकूम मोडणें परवडणारें नव्हतें. तटाच्या आंत सिद्दी स्वतंत्र, पण पैशाच्या बाबतींत परतंत्र, अशी ही स्थिति होती.

मराठ्यांनीं हें मर्म ओळखिलें होतें. समोर पद्मदुर्ग उभा करणें, १६८२ सालीं संभाजी महाराजांनीं किनाऱ्यापासून बेटापर्यंत सेतु बांधण्याचा केलेला प्रयत्न, हे बेटास वेढण्याचे उपाय होत. १६३३ पासून नव्हे, तर १७३३ पासून बाजीरावांनीं चालविलेल्या मोहिमेंत हबसाणाचा मुलूखच तोडला गेला. १७३६ च्या एप्रिलांत चिमाजीअप्पांनीं सिद्दी सातास मारिलें व अकरा महालांच्या उत्पन्नांत मराठ्यांस वांटा मिळाला. बेट राहिलें, बेटाचा दरारा गेला.

५. शेवटचा दाखला कागदाच्या व वस्तुस्थितीच्या अंतराचा आहे. जंजिऱ्याचा वारस बाळूमियां पुण्याच्या आश्रयास आला. १७९१ च्या तहानें त्यानें जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला व त्याबद्दल सुरतेजवळील सचीनची जहागीर घेतली. सचीन संस्थान त्यांतून निघालें. जंजिरा मात्र पेशव्यांस मिळाला नाहीं, कारण ज्याच्या हातीं बेट होतें त्यानें कांहींच लिहून दिलें नव्हतें. १८१८ नंतर इंग्रजांचें वर्चस्व आलें, तरी बेटाचा कारभार नबाबांकडेच चालला. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें.

६. या विवेचनाचा संग्राहकांशीं निकट संबंध आहे. सिद्दीच्या नांवें निघालेलें फर्मान हातीं आलें म्हणजे त्यावरील शिक्का पाहून ‘हा अमक्या शहाचा सुभेदार’ असें टिपण आपण घालतों. वरील उदाहरणें पाहतां तें फर्मान बहुधा हुकूम नसून झालेल्या गोष्टीस दिलेली संमति असतें. खरी सत्ता कोणाची, हें महालाच्या जमाखर्चांत, जकातीच्या हिशेबांत व शिबंदीच्या यादींत दिसतें. हे कागद दिसावयास सामान्य, म्हणून शिक्क्याचा बंद उचलून घेतला जातो आणि रुमालांतील बाकीचे कागद वाळवीस मिळतात. जंजिऱ्याच्या काय किंवा परांडा-ईट भागांतील देशमुख-कुलकर्ण्यांच्या काय, कोणत्याही दप्तराचा रुमाल फोडूं नये. फुटलेल्या रुमालांतून धन्यांचीं नांवें तेवढीं हातीं लागतात. राज्य कोणी केलें, तें कायमचें हरपतें.