अटारीचा राजमार्ग

अमृतसरहून निघालेला एक रस्ता सुमारें ३० किलोमीटर शेतांतून जातो आणि अटारीपुढें सरहद्दीच्या दरवाजाशीं थांबतो. पलीकडे वाघा, आणि पुढें लाहोर. शेरशहा सूरानें सोळाव्या शतकांत नीट केलेल्या राजमार्गाचाच हा तुकडा. १७५८ च्या एप्रिलांत राघोबादादांच्या फौजा लाहोरास पोंचल्या, तेव्हां या मुलखांत अशी सीमा नव्हती.

ती प्रसिद्ध झाली १७ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनीं. त्या दिवसांत निर्वासितांचे तांडे याच रस्त्यानें दोन्ही दिशांनीं चालले होते. १९५९ पासून येथें सायंकाळीं ध्वज उतरविण्याचा सोहळा होऊं लागला व त्यास गर्दी लोटूं लागली. मालाची कथा मात्र निराळी. २००७ पर्यंत तो हमालांच्या डोक्यांवरून सीमा ओलांडी. मग ट्रक पलीकडे जाऊं लागले. २०१२ सालीं मोठें व्यापारी ठाणें उघडलें. २०१९ सालीं उभय देशांचा व्यापार तुटला आणि एप्रिल २०२५ मध्यें भारतानें ठाणेंच बंद केलें.

पहिला फटका अटारीच्या हमालांस, ट्रकवाल्यांस व वाटेवरील ढाब्यांस बसला. राजमार्गाचा इतिहास पातशहांच्या नांवें लिहिला जातो. तो चालता आहे कीं खुंटला, हें मात्र अशा घरांच्या चुलींवरून कळतें.