केगेल यांच्या व्यायामाचा विसरलेला अर्धा भाग

१/ खोकला आला, हसू फुटले किंवा पाण्याची कळशी उचलली की लघवीचे थेंब सुटतात. बाळंतपणानंतर असंख्य स्त्रिया हे सोसतात आणि ‘वयाप्रमाणे व्हायचेच’ म्हणून गप्प राहतात. या त्रासावरच्या एका व्यायामाला जगभर एका डॉक्टरांचे नाव आहे. त्यांच्या पद्धतीचा अर्धा भाग मात्र वाटेत गळून पडला. आजचा थ्रेड त्या गळलेल्या भागाविषयी.

२/ वैद्यकात याला ‘स्ट्रेस युरिनरी इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. येथे ‘स्ट्रेस’ म्हणजे मनावरचा ताण नव्हे, तर पोटातून मूत्राशयावर अचानक येणारा दाब. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरते आणि मूत्रमार्ग मिटण्यास साहाय्य करते. प्रसूतीत ही झोळी ताणली जाते, कधी फाटतेही.

३/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांचा भर शस्त्रक्रियेवर होता. व्यायामाचा विचार आधी मांडला तो मार्गारेट मॉरिस यांनी. मूळच्या नर्तकी असलेल्या या ब्रिटिश बाईंनी फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले होते. १९३६ मध्ये प्रसूती आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यात हे स्नायू आवळण्या-सोडण्याचा सराव होता. तरीही व्यायामाला नाव लाभले ते दुसऱ्याचेच.

४/ ते नाव आर्नल्ड केगेल (१८९४–१९७२) यांचे. लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ते स्त्रीरोगशास्त्र शिकवीत. त्यांची अडचण साधी होती. दंडाचा स्नायू फुगलेला दिसतो. हा स्नायू दिसत नाही आणि अनेक स्त्रियांना तो जाणवतही नाही. ‘आवळा’ म्हटले की कोणी पोट आवळते, कोणी नितंब, तर कोणी उलट खाली जोर देते.

५/ यासाठी केगेल यांनी ‘पेरिनिओमीटर’ घडवले. योनिमार्गात ठेवायची रबराची हवा भरलेली पोकळी, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला ० ते १०० मिलिमीटर पारा असा दाब दाखवणारी तबकडी. नेमका स्नायू आवळला की काटा हलतो. आपल्याच शरीराच्या अदृश्य हालचालीचा पुरावा त्या स्त्रीला डोळ्यांसमोर दिसू लागला.

६/ ही कल्पना युद्धोत्तर काळातली आहे, हे लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे क्षीण स्नायू पुन्हा सबळ करण्यासाठी थॉमस डीलॉर्म यांनी हळूहळू वजन वाढवत नेणारा व्यायाम रूढ केला. त्यातून ‘प्रोग्रेसिव्ह रेझिस्टन्स एक्सरसाइज’ ही संज्ञा प्रचारात आली. केगेल यांच्या १९४८ च्या निबंधाच्या शीर्षकात हीच संज्ञा आहे. सैनिकाच्या मांडीला लागू पडणारा न्याय त्यांनी बाळंतिणीच्या स्नायूला लावला.

७/ त्यांची शिस्त कडक होती: दिवसातून तीनदा २० मिनिटे, किंवा दिवसभरात एकूण ३०० आकुंचने. त्यांनी ८४ टक्के यशाचा दावा केला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे, कारण तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला दुसरा गट त्यांच्याकडे नव्हता. ‘बायोफीडबॅक’ हा शब्द तर १९६९ च्या सुमारास रूढ झाला. म्हणजे वस्तू आधी आली, तिचे नाव वीस वर्षांनी.

८/ ‘हे तर आपल्या मूलबंधात होते’ असे उत्तर येईलच, म्हणून आधीच लिहितो. ‘हठयोगप्रदीपिके’त टाचेने शिवणीवर दाब देऊन गुदाचे आकुंचन करण्यास सांगितले आहे, हे खरे. पण तेथील हेतू अपानाला ऊर्ध्वगती देण्याचा आहे. प्रसूतीनंतरच्या स्त्रीची लघवी थांबवण्याचा नव्हे. स्नायू तोच असला, तरी प्रश्न वेगळा होता.

९/ पुढे ‘केगेल’ हे व्यायामाचेच नाव झाले. तोंडी आणि छापील सूचना सर्वदूर पसरल्या; तपासणी मागे पडली. १९९१ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन पाहिले. जेमतेम निम्म्या, म्हणजे २३ जणींना ते नीट जमले. १२ जणींची पद्धत तर त्रास वाढवू शकेल अशी होती. ‘व्यायाम केला, गुण आला नाही’ असे म्हणणारी स्त्री बहुधा आळशी नव्हती. तिला कोणी तपासून सांगितलेच नव्हते.

१०/ मग यंत्र परत आणावे काय? याचे उत्तर २०२० मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील ६०० स्त्रियांच्या चाचणीने दिले. सर्वांना प्रशिक्षित थेरपिस्टने तपासून व्यायाम शिकवला. निम्म्यांना त्याच्या जोडीला बायोफीडबॅक दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही.

११/ वरवर हा केगेल यांचा पराभव वाटतो. माझे वाचन वेगळे आहे. काटा जे सांगत होता, ते जाणकार हातही सांगू शकतो: ‘हो, हाच तो स्नायू.’ गळून पडलेला अर्धा भाग यंत्र नव्हते. ती खातरजमा होती.

१२/ व्यायाम मात्र कसोटीला उतरला. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ताणाने लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी बरे झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. ब्रिटनची अधिकृत शिफारस आज किमान तीन महिने, देखरेखीखाली, दिवसातून तीनदा किमान आठ आकुंचने अशी आहे. ३०० नव्हे, २४ पासून सुरुवात.

१३/ शोधाचा इतिहास आपण नावांनी लक्षात ठेवतो आणि पद्धत विसरतो. येथे त्या विसरण्याची किंमत स्त्रियांनी लाजेत आणि मौनात मोजली. घरातली कोणी शिंकताना अवघडून बसत असेल, तर तिला ‘केगेल कर’ एवढेच सांगू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयाची फिजिओथेरपिस्ट गाठून एकदा नीट तपासून, शिकून घे, असे सांगा. (समाप्त)