कल्याण : बंदरापासून महानगरपालिकेपर्यंत



कल्याण म्हटले की लोकांना लोकलची गर्दी आणि पाण्याची बोंब आठवते. पण आपले हे शहर दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध उपासकांचे मोठे ठाणे होते. हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखप्रपंच.

उल्हास नदीच्या खाडीवर वसलेले कल्याण हे सातवाहन काळातले नामांकित बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. इथला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. मात्र खरा पुरावा आहे कान्हेरीच्या लेण्यांत. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या उपासकांची दाने कोरलेली आहेत. कल्याणात अंबालिका नावाचा विहार होता, हेही त्या लेखांवरूनच कळते. आणि दान देणारे सगळे काही धनाढ्य सावकार नव्हते बरे का ! कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिली. घण मारणाऱ्या हाताचे नाव दगडावर राहिले. भगवान बुद्धांच्या संघात दानाची किंमत जातीवरून ठरत नव्हती, याचा याहून मोठा दाखला कोणता ?

पुढे बंदर मागे पडले आणि १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला आली. मुंबईपासून सुमारे ५४ किलोमीटरवर एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे, त्यामुळे जंक्शन झाले. ठाकुर्लीला रेल्वेचे वीजघर उभे राहिले. फाळणीनंतर शेजारच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. मोहोन्याला रेयॉनचा मोठा कारखाना निघाला, शहाडलाही निघाला. १९६४ च्या सुमारास डोंबिवलीला एम.आय.डी.सी. आली.

या सर्व ठिकाणी राबायला कोण आले ? १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, खानदेश, नगर, साताऱ्याकडून माणसे वळकटी घेऊन उतरली. १९८२ च्या संपानंतर मुंबईची खोली विकून कित्येक गिरणी कामगार इकडेच आले. त्यांत आपली माणसे पुष्कळ. गावकुसाबाहेरचा माणूस इथे पाळीचा कामगार झाला, युनियनचा सभासद झाला आणि रविवारी विहारात वंदनेला बसला. बाबासाहेबांनी शहराकडे चला म्हणून का सांगितले, ते इथे कळते.

पण कारखाना कायमचा नसतो. मोहोन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि हजारो कामगारांना आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ मध्ये केमिकल कारखान्यांत स्फोट झाले, त्यात कामगार मेले.

आता कारभाराचे बघा. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, पण पहिली निवडणूक व्हायला १९९५ साल उजाडले. बारा वर्षे प्रशासकाचेच राज्य ! सत्तावीस गावे २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये परत आत घेतली. २०२० मध्ये मुदत संपली आणि पुन्हा वर्षानुवर्षे प्रशासक. नगरसेवक नसला की गटार तुंबल्यावर कोणाचे दार ठोठवायचे ? ७४ व्या घटनादुरुस्तीने महिलांना व अनुसूचित जाती-जमातींना पालिकेत राखीव जागा दिल्या. पण जागा राखीव असून भागत नाही, तिथे बोलणारा माणूस लागतो. बारा लाखांच्या वर वस्तीच्या शहरात आपला आवाज मतदानाच्या दिवसापुरता राहिला, तर तो दोष दुसऱ्याला देता येणार नाही.

शेवटी एकच मागणे आहे. जुन्या चाळी पडताहेत, टॉवर उठताहेत आणि पहिल्या पिढीतले म्हातारे एकेक करून जाताहेत. नंद लोहाराचे नाव आपण वाचू शकतो, पण हे शहर उभारणाऱ्या आपल्या आजा-आजीचे नाव कुठे लिहिले आहे ? म्हणून विहारात एक नोंदवही ठेवावी. कोण, कोणत्या गावाहून, कोणत्या साली आले, कोणत्या खात्यात राबले, विहाराच्या बांधकामाला कोणी विटा वाहिल्या, सगळे त्यात लिहावे. जुने हजेरी कार्ड, पगारपत्रक, युनियनची पावती रद्दीत घालू नये. शिकलेल्या पोरापोरींनी रविवारी तासभर बसून म्हाताऱ्यांना विचारावे.

दगड आपल्याला परवडणार नाही. वही परवडेल.

नमो बुद्धाय ! जयभीम !