माग काढणारे : श्वान आणि मनुष्य

पवन मावळात कामशेतच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत बेडसे हे गाव आहे. गावावरील लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. चैत्यगृहाच्या दर्शनी स्तंभांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि बैल यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. तेथील एका शिलालेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद आहे. नाशिकच्या श्रेष्ठीच्या मुलाने मावळात दान द्यावे, यावरूनच त्या काळच्या दळणवळणाची कल्पना येते. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून याच टापूतून देशावर जाई. जेथे व्यापाराची वाट, तेथे वाटमारी आलीच. आणि जेथे वाटमारी, तेथे चोराचा माग काढणाराही आला. या माग काढणाऱ्यांचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत. त्यांत काही चार पायांचे आहेत, काही दोन पायांचे.

माग काढणारा कुत्रा म्हटले की युरोपातील ब्लडहाउंडचे नाव प्रथम निघते. आर्देन्सच्या अरण्यातील सेंट ह्यूबर्टच्या मठात त्याचे पूर्वज जोपासले गेले, अशी परंपरा आहे. जॉन कायस या इंग्रज वैद्याने १५७० मध्ये ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात जखमी शिकारीच्या रक्ताचा आणि चोराच्या पावलांचा वास घेत जाणाऱ्या या कुत्र्याचे वर्णन आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर त्या काळी गुरे पळविणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट होता. ज्याची गुरे गेली त्याने कुत्री, शिंग आणि हाकारा घेऊन ताज्या मागावर निघावे, सीमेपलीकडेही जावे, आणि वाटेतील लोकांनी त्यास साह्य करावे, असा तेथील रिवाज होता.

ब्लडहाउंडचे नाक हे पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचे फळ आहे. ज्याचे नाक तीक्ष्ण, जो दुसऱ्या वासाने बहकत नाही, जो दमला तरी माग सोडत नाही, अशाच नर-मादीची जोडी लावावयाची. वेतातील पिल्लांची पुन्हा पारख करावयाची. हा क्रम शतकानुशतके चालला. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात. या कुत्र्याच्या नाकात त्या वीस ते तीस कोटी असाव्यात, असा अंदाज आहे. परंतु निवडीस किंमतही मोजावी लागते. एकाच रक्तात फिरून फिरून जोड्या लावल्या, आणि कामापेक्षा प्रदर्शनातील रूपाकडे लक्ष गेले, म्हणजे सैल कातडी अधिक सैल होते, पापण्या लोंबू लागतात, पोटफुगीसारखे प्राणघातक विकार मागे लागतात. या कुत्र्याचे आयुष्य बहुधा सात-आठ वर्षांचेच असते. म्हणून जाणता पैदासकार आधी कुत्रे मागावर सोडून पाहतो आणि मग त्याची वंशावळ उघडतो.

दख्खनमध्ये श्वानाची उपेक्षा झाली असे मात्र नाही. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान असतात. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा, आतकूर येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. काळी नावाच्या शिकारी कुत्र्याने रानडुकराशी झुंज दिली, दोघेही मेले, आणि त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ शिळा उभी राहिली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये श्वानविनोदास स्वतंत्र स्थान आहे. अलीकडच्या काळात मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी कारवान कुत्र्यांच्या जातीस आश्रय दिला. तिलाच पुढे मुधोळ हाउंड हे नाव पडले. पंचम जॉर्ज बादशहास त्यांनी या कुत्र्यांची जोडी नजर केली, अशी हकीकत सांगतात. २००५ मध्ये या जातीचे टपाल तिकीट निघाले, आणि २०१६ मध्ये तिची पिल्ले शिक्षणासाठी मीरत येथील लष्करी केंद्रात गेली.

परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. मुधोळचा कुत्रा नाकापेक्षा डोळ्याचा आहे. लांब पाय, चिंचोळे तोंड, आत ओढलेले पोट. उघड्या माळावर ससा दिसला की बाणासारखा सुटावयाचा, हे त्याचे काम. आमच्या माळरानास तोच योग्य. तापलेल्या कोरड्या जमिनीवर वास फार वेळ टिकत नाही, आणि मावळातला पाऊस तर सारेच धुऊन नेतो. मग दख्खनमध्ये चोराचा माग कोण काढी?

याचे उत्तर एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात सापडते. माग काढी तो गावचा राखणदार. कोठे महार, कोठे रामोशी वा भिल्ल. रात्री गस्त घालावी, गावातील प्रत्येकाची चालचलणूक जाणावी, आणि चोरी झाली की पावलांच्या खुणांवरून निघावे, हे त्याचे काम. माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन तेथील राखणदाराची खात्री पटविली, म्हणजे हा मोकळा झाला; पुढचा शोध त्या दुसऱ्याने घ्यावयाचा. ज्या गावात माग संपे, त्या गावावर चोरीच्या मालाची जबाबदारी येई. सीमेवरच्या स्कॉट लोकांचा रिवाज आणि आमच्या गावगाड्याचा रिवाज यांत केवढे साम्य आहे! फरक इतकाच की, तेथे पुढे नाक चाले, येथे डोळा आणि अनुभव.

आणि येथेच या इतिहासातील दुःखाचा भाग येतो. ज्या रामोश्याच्या शब्दावर एका गावचा भार दुसऱ्या गावावर जाई, त्याच रामोश्याची जात पुढे ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदविली गेली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासही लागू झाला. सुतारकी जशी बापाकडून मुलाकडे जाते तशी चोरीही जाते, हा त्या कायद्यामागचा युक्तिवाद. म्हणजे कुत्र्यांच्या पैदाशीचा न्याय माणसाला लावला गेला! कुत्र्याचे नाक जन्माचे असते हे खरे. पण रामोश्याची दृष्टी जन्माची नव्हती. ओल्या मातीत उमटलेली टाच किती वेळापूर्वीची, ओझे घेऊन चाललेल्या माणसाचे पाऊल कसे पडते, हे तो बापाबरोबर रात्री हिंडून शिकला होता. ती विद्या होती. तिला रक्तदोष ठरवून सरकारने विद्याही घालविली आणि माणसेही हजेरीला जुंपली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. त्याचा डाग जाण्यास मात्र फार काळ लागला.

गावचा माग काढणारा असा मागे पडल्यावर पोलिसांत श्वान आला. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ मध्ये निघाले. आरंभी त्यात डोबरमन कुत्री होती. परंतु न्यायासनापुढे जुनाच प्रश्न उभा राहिला : या साक्षीवर विश्वास किती ठेवावयाचा? १९६९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा विचार केला. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या अनुमानावर माणसाचे स्वातंत्र्य टांगावे काय, हा आक्षेप तेथे विचारात घेतला गेला, आणि अशा पुराव्यास सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असे मत पडले.

आमच्या मते यात मोठे शहाणपण आहे. जुन्या गावगाड्यातही राखणदाराने नुसते बोट दाखवून भागत नसे. शिवेवर दुसऱ्या राखणदाराची खात्री पटवावी लागे. माग कुत्र्याने काढो वा माणसाने, तो दिशा दाखवितो, दोष सिद्ध करीत नाही. एवढा विवेक १८७१ च्या कायदेकारांनी बाळगला असता, तर हजारो निरपराध घरांच्या दारापर्यंत तो खोटा माग पोहोचला नसता. आज मुधोळच्या कुत्र्याची वंशावळ जपण्याचे प्रयत्न होत आहेत, ते योग्यच आहे. त्याच निष्ठेने पायखुणा वाचणाऱ्या माणसांची विद्याही, जिथे म्हाताऱ्यांच्या तोंडी ती उरली असेल तिथे, लिहून ठेवली पाहिजे. कुत्र्याचा गुण पुढच्या वेतात उतरू शकतो. माणसाची विद्या कोणी शिकली नाही तर त्याच्याबरोबरच जाते.