मूल आयसीयूत असताना आई-वडिलांसाठी एक साधी वही

मूल गंभीर आजारी पडलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे लागतं, आणि ते साहजिकच आहे. पण आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर दिवस काढणाऱ्या अम्मी-अब्बूंची झोप उडते, भूक मरते. डॉक्टरांनी सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही. नातेवाईकांना फोनवर तेच तेच सांगून जीव थकतो. अशा वेळी रोज थोडं लिहिल्याने ताण हलका होतो का?

याचा पहिला मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि मनातलं दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या ६ महिन्यांत दवाखान्यात कमी जावं लागलं. मात्र लिहून उठल्याबरोबर त्यांचं मन जास्तच खिन्न झालं होतं. म्हणून पहिल्या दिवशी रडू आलं तर घाबरू नका. पुढे स्वित्झर्लंडमध्ये, खूप लवकर जन्मलेल्या बाळांच्या आईंवर हीच पद्धत वापरली गेली, तेव्हा त्यांचा मानसिक त्रास कमी झालेला दिसला.

लिहिणं म्हणजे जादू नाही, हेही सांगायला हवं. युरोपातल्या आयसीयूंमध्ये नर्स आणि नातेवाईक मिळून पेशंटसाठी डायरी लिहितात. फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंत मोठ्या माणसांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा डायरीने नंतरचा मानसिक धक्का फारसा कमी झाला नाही.

तरी एक वही ठेवाच. आमच्या मते ती दोन्ही बाजूंनी वापरावी. पुढून डॉक्टरांचं: आज ताप किती, कोणतं औषध बदललं, कोणती तपासणी बाकी आहे, उद्या राउंडला काय विचारायचं. मागून मनातलं: भीती, राग, पैशांची काळजी, घरी आजीकडे सोडलेल्या दुसऱ्या लेकरांची ओढ. पुढची पानं नवरा-बायको दोघांनी वाचावीत, कारण आत अनेकदा एकालाच सोडतात आणि बाहेरच्याला अर्धीच माहिती मिळते. मागची पानं ज्याची त्याची. ती फॅमिली ग्रुपवर टाकायची नाहीत.

भाषा कोणतीही चालेल. मराठी, उर्दू, घरची दखनी, सगळं मिसळून लिहिलं तरी हरकत नाही. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर स्वतःसाठीच आवाज रेकॉर्ड करा. रोज जमलं नाही, तर जमेल त्या दिवशी.

काही आई-वडिलांना वाटतं की दुःख कागदावर काढणं म्हणजे सब्र सोडणं. तसं काही नाही. मनातलं लिहिणारी आई दुआही करतेच, आणि उपचारही चालूच असतात.

लिहिताना तोच एक क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल आणि त्रास वाढत असेल, तर वही बंद करा. अनेक दिवस झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वॉर्डातल्या डॉक्टरांना किंवा समाजसेवा विभागाला लगेच सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.