उन्हाळी सुटी आणि मुलांचा अभ्यास

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव येथे, मराठवाड्यातील अन्य गावांप्रमाणेच, शाळांना सामान्यतः मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुटी असते. या काळात मुलांनी खेळावे, आजोळी जावे, हे उचितच आहे. मात्र वाचन व गणित यांचा सराव पूर्णतः थांबू नये, असे आम्ही पालकांस सुचवू इच्छितो.

सुटीत काय घडते?
अमेरिकेतील हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. सुटीत मुले सरासरी सुमारे एक महिना मागे पडतात व वाचनापेक्षा गणिताची हानी अधिक होते, असे त्यांस आढळले. तेथील सुटी अधिक दीर्घ असते आणि या हानीच्या प्रमाणाविषयी पुढे मतभेदही झाले. तथापि, ज्याचे वाचन अद्याप पक्के झालेले नाही, अशा मुलाची चिंता अधिक करावयास हवी.

प्रथम पातळी ओळखावी
मूल कोणत्या इयत्तेत आहे यापेक्षा त्याला काय येते, हे पाहावे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ साली सुरू झालेल्या 'असर' सर्वेक्षणात वाचनाच्या सोप्या पायऱ्या आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट. मूल जेथे अडखळते, तेथूनच सराव आरंभावा. पाचवीतील मुलाला दुसरीचे पुस्तक द्यावे लागले, तरी त्यात कमीपणा मानू नये व त्याला हिणवू नये.

घरी काय करता येईल?
• दररोज अर्धा तास, शक्यतो सकाळच्या गारव्यात, मोठ्याने वाचन करून घ्यावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके व १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.
• हळद विकली की हिशोबपट्टी मुलाच्या हाती द्यावी. क्विंटल, किलो, भाव, हमाली व तोलाई यांतून गुणाकार व वजाबाकी पक्की होते.
• दिवसभरात जे पाहिले, त्यावर चार ओळी लिहावयास सांगावे.

आईवडील निरक्षर असल्यास
यामुळे पालकांनी मागे राहू नये. २०२२ साली राज्यात राबविलेल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट स्थापण्यात आले होते. त्याच धर्तीवर गल्लीतील चार-पाच मुले एकत्र बसवून दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याने वाचून घ्यावे. आईने शेजारी बसून गोष्ट ऐकावी व "पुढे काय झाले?" एवढेच विचारावे. मुलाला वाचते ठेवावयास तेवढी आस्थाही पुष्कळ होते.