अभिमानी

कन्नड आणि मराठी ह्या शेजारी भाषांनी संस्कृतातून पुष्कळ शब्द समान घेतले. पण घरी नेल्यावर दोघींनी ते आपापल्या रीतीने वापरले. 'अभिमानी' हा त्यांतलाच एक. मराठीत त्याला गर्वाची, फार तर स्वाभिमानाची छटा आहे. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता. वडिलांची बँकेतील बदली होऊन आम्ही 1983 साली सोलापूरहून बंगळूरला आलो. शाळेत नुकतीच शिकलेली कन्नड अक्षरे जोडजोडून मी मल्लेश्वरममधील एका कोपऱ्यावरचा फलक वाचला : 'डॉ. राजकुमार अभिमानिगळ संघ'. गर्विष्ठ माणसे आपला संघ काढतात आणि वर त्याची पाटीही लावतात, ह्याचे मला त्या वयात मोठे नवल वाटले होते.

पुढे कळले, की स्वतः राजकुमार आपल्या चाहत्यांना 'अभिमानी देवरुगळु' म्हणजे 'चाहतेरूपी देव' असे संबोधीत. देवळात देव एक आणि भक्त अनेक असतात. येथे तो व्यवहार उलटा झाला होता. पडद्यावरच्या माणसाने समोरच्या अंधारात बसलेल्यांना देव म्हणावे, ह्यातील नम्रता खरी होती असे मला वाटते. मात्र देव म्हणवून घेतलेल्या माणसांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या नम्रतेत दडलेलाच होता.

1954 सालच्या 'बेडर कण्णप्प' ह्या चित्रपटापासून राजकुमार कन्नडचे नायक झाले. पौराणिक राजे, संत, शेतकरी अशा भूमिका करता करता 1968 साली दोरै-भगवान ह्या दिग्दर्शकद्वयाने त्यांना एकदम गुप्तहेराचा कोट चढविला. 'जेडर बले', त्याच वर्षी 'गोवादल्ली सी.आय.डी. 999', 1969 साली 'ऑपरेशन जॅकपॉटनल्ली सी.आय.डी. 999' आणि जवळजवळ दशकभराने, 1978 साली, 'ऑपरेशन डायमंड रॅकेट' अशी ही चार चित्रपटांची मालिका. जेम्स बाँडची प्रेरणा उघड होती, आणि ती कोणी लपविलीही नाही. पोर्तुगीज राजवट जाऊन सातच वर्षे झालेला गोवा येथे साहसकथेची भूमी म्हणून आला, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी. आपल्याकडे त्या काळी गोव्याची चर्चा विलीनीकरणाच्या अंगाने चालली होती. एकच पात्र पुन्हा पुन्हा भेटत राहणे, मागील चित्रपटाची आठवण पुढील चित्रपटात उपयोगी पडणे, हे प्रेक्षकाला नव्याने मिळालेले सुख होते. केंपेगौडा रस्त्यावरच्या चित्रपटगृहांत हे जुने चित्रपट सकाळच्या खेळाला पुन्हा पुन्हा लागत, आणि माझा एक वर्गमित्र मला तेथे घेऊन जाई. संवाद त्याला पाठ. मला न कळलेला शब्द तो कानाशी लागून सांगे, मागचे लोक ओरडत, आणि ह्या पद्धतीने मी शाळेत शिकलो त्याहून अधिक कन्नड शिकलो.

ह्या प्रेमाला भाषेच्या राजकारणाची एक बाजू होती. साठीच्या दशकात कन्नड चित्रपटांची निर्मिती थोडी, तीही बव्हंशी मद्रासमध्ये होई. तमिळ-तेलुगू चित्रपट कन्नड आवाज चढवून येऊ लागले, तर आपले नट, लेखक, तंत्रज्ञ उभेच राहणार नाहीत, ह्या भीतीने अ. न. कृष्णरावांसारख्या लेखकांनी आणि कलावंतांनी भाषांतरित ध्वनिमुद्रणाविरुद्ध, म्हणजे डबिंगविरुद्ध, चळवळ उभारली. तिचे फळ म्हणून जी बंदी आली ती कायद्याची नव्हती. धंद्याने स्वतःवर घालून घेतलेली ती शिस्त होती, आणि अशी शिस्त कायद्याहून कडक असते. 1982 सालच्या गोकाक चळवळीत राजकुमार स्वतः राज्यभर फिरले, आणि चित्रपटाचा चाहता व भाषेचा चाहता ह्यांच्यामधील रेषा पुसली गेली. आम्ही त्या शहरात पाऊल ठेवले ते ह्या चळवळीच्या दुसऱ्याच वर्षी.

बंगळूर दूरदर्शन केंद्र 1981च्या नोव्हेंबरात सुरू झाले होते. मुंबई केंद्रावरचे मराठी कार्यक्रम आम्हांला अर्थातच दिसत नसत. प्रभावळकरांच्या चिमणरावाविषयी मामाच्या पत्रांतून वाचायचे, एवढाच आमचा आणि मराठी दूरदर्शनचा संबंध. 1984च्या जुलैत 'हम लोग' सुरू झाले, 1987च्या जानेवारीत 'रामायण', आणि बंगळूरच्या रविवार सकाळीही रस्ते ओस पडू लागले. पण ह्या दोहोंपेक्षा आमच्या शाळेला वेड लावले ते 1986-87मधील 'मालगुडी डेज'ने.

त्या मालिकेचा भाषिक वंशवृक्ष मोठा मौजेचा आहे. आर. के. नारायण हे मद्रासला जन्मलेले, पुढे म्हैसूरला राहिलेले तमिळभाषी लेखक. 1930 साली विजयादशमीच्या मुहूर्तावर, बंगळुरात आजीच्या घरी, त्यांनी इंग्रजीत 'स्वामी अँड फ्रेंड्स' लिहावयास घेतली आणि मालगुडी हे गाव त्यांना सुचले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ह्या दोन वस्त्यांची नावे जोडून ते झाले असे बंगळूरकर आग्रहाने सांगतात. मी मल्लेश्वरमचा असल्यामुळे हे मत मला सोयीचे वाटते, पण लेखकाने स्वतः तसे मानलेले नाही. दिग्दर्शक शंकर नाग कोकणीभाषी, होन्नावरकडचा, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर तयार झालेला. '22 जून 1897' ह्या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा वाटा होता. चित्रीकरण सह्याद्रीच्या माथ्यावरील आगुंबे गावात झाले. वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड, आईच्या भूमिकेत वैशाली कासरवळ्ळी, स्वामी म्हणून मंजुनाथ, संगीत एल. वैद्यनाथन ह्यांचे आणि रेखाचित्रे लेखकाचे बंधू आर. के. लक्ष्मण ह्यांची. एवढे सगळे जमवून मालिका देशभर दिसली ती हिंदीत. कन्नड मुलुखात, बहुतांशी कन्नड नटांनी साकारलेली ही सृष्टी तेव्हा कन्नडमध्ये मात्र बोलली नाही.

आमच्या वर्गात ह्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. सोलापुरातून आल्यामुळे मला बऱ्यापैकी हिंदी येत असे. सोमवारपासून वर्गात मालगुडीचीच चर्चा, आणि अडलेला शब्द विचारायला मुले माझ्याकडे येत. चार वर्षे ज्याला 'मराठी' एवढ्याच नावाने हाक मारली जाई, तो मी स्वामीच्या कृपेने दुभाष्या झालो. केंपेगौडा रस्त्यावरचे ऋण मी अशा रीतीने फेडीत होतो. एकदा कन्नडच्या बाईंनी विचारले, 'स्वामी आपला, त्याचे गाव आपले, मग तो हिंदी का बोलतो?' वर्गात कोणालाच उत्तर देता आले नाही. मला आज असे वाटते, की तो प्रश्न मालिकेविषयी जितका होता तितकाच दिल्लीच्या प्रसारणव्यवस्थेविषयी होता, आणि बाई ते पुरते ओळखून होत्या.

शंकर नाग 30 सप्टेंबर 1990 रोजी दावणगेरेजवळ आनगोडू येथे मोटार-अपघातात गेला. वय अवघे पस्तीस. मालिकेच्या 39 भागांनी त्याला देशभर नेले असले, तरी बंगळूरने त्याची आठवण दुसऱ्याच एका गोष्टीवर टांगली. 1980 सालच्या 'ऑटो राजा' चित्रपटात त्याने रिक्षाचालकाची भूमिका केली होती. तेव्हापासून रिक्षाच्या मागच्या पडद्यावर, काचेवर, थांब्याच्या फलकावर त्याचा चेहरा दिसू लागला तो आजतागायत. ह्या चाहत्यांपैकी किती जणांनी 'मालगुडी डेज' पाहिली असेल, ह्याची मला शंका आहे. शिष्टवर्गाचा शंकर नाग निराळा, रिक्षावाल्यांचा निराळा. दोघांत भेट क्वचितच होते. अरुंधती नाग ह्यांनी अनेक वर्षे खटपट करून 2004 साली जे.पी. नगरमध्ये उभे केलेले 'रंगशंकरा' नाट्यगृह हे पहिल्याचे स्मारक. तेथे नाटक पाहून बाहेर पडावे आणि दुसऱ्याचे चित्र लावलेल्या रिक्षेने घरी जावे, असा योग मात्र अनेकदा येतो.

अभिमानाची काळी बाजूही ह्याच शहराने पाहिली. 2000 साली वीरप्पनने राजकुमारांना पळवून नेले तेव्हा 108 दिवस बंगळूर श्वास रोखून होते. 12 एप्रिल 2006 रोजी राजकुमार वारले, आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेत दंगल उसळली. जाळपोळ झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. मला कन्नड शिकविणारा तो मित्र त्या गर्दीत होता. संध्याकाळी फाटक्या सदऱ्याने तो आमच्या घरी आला आणि पाणी मागून बराच वेळ गप्प बसला. शेवटचे दर्शन झाले का, असे आईने विचारले, तेव्हा त्याने मान हलविली. ती होय म्हणून की नाही म्हणून, हे आम्हांला कळले नाही. 2021च्या ऑक्टोबरात पुनीत राजकुमार अकाली गेले, तेव्हा तेच शहर रांगेत शांतपणे उभे राहिले. मध्यंतरी पंधरा वर्षे गेली होती, आणि हे स्थित्यंतर पोलीस बंदोबस्ताने घडले, असे मी तरी मानीत नाही.

डबिंगच्या बंदीने कन्नड दूरचित्रवाणीला आणखी एक वळण दिले. परभाषेतील मालिका आवाज बदलून दाखविता येत नव्हती, म्हणून ती पुन्हा नव्याने करावी लागे. त्यातून स्थानिक नटांना, लेखकांना काम मिळाले, हे बंदीचे निर्विवाद श्रेय. तिची किंमतही होती : 2012 सालचा 'सत्यमेव जयते' हा कार्यक्रम इतर अनेक भाषांत ऐकू आला, कन्नडमध्ये नाही. 2015 साली स्पर्धा आयोगाने ह्या बंदीविरुद्ध निर्णय दिला आणि हळूहळू दार उघडले. तरीही पुनर्निर्मितीची सवय टिकून राहिली. 'तुला पाहते रे' ही मराठी मालिका 2019 साली कन्नडमध्ये 'जोते जोतेयली' होऊन आली. 'माझी तुझी रेशीमगाठ' 2023 साली 'सीता राम' झाली. माझी आई मराठी मालिका पाही आणि शेजारच्या आजी कन्नड. दुपारी कुंपणाशी दोघी एकाच कथेवर निरनिराळ्या पात्रांच्या नावांनी वाद घालीत. पुढे काय घडणार हे आईला आधीच ठाऊक असे. ते ती कधीही सांगत नसे, आणि हा तिचा संयम आजींना फार छळी.

दरम्यान वारा उलट दिशेने वाहू लागला होता. बंगळुरात निर्माण झालेल्या 'के.जी.एफ.'चे दोन भाग, 2018 आणि 2022 सालचे, हिंदीसह अनेक भाषांत आवाज बदलून देशभर गेले. परक्या आवाजाला सुमारे पन्नास वर्षे दार बंद ठेवणाऱ्या भाषेने आपली कथा परक्या आवाजांवर सोपविली. ह्यात काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. आधी घर बांधावे आणि मग पाहुण्यांना बोलवावे, ह्या क्रमाला विसंगती म्हणता येणार नाही. मात्र घर बांधून झाले हे नेमके केव्हा ठरवायचे, ह्यावर बंगळुरात एकमत नव्हते आणि अजूनही नाही.

'मालगुडी डेज'ला 2006 साली कविता लंकेश ह्यांनी आणखी पंधरा भाग जोडले. शिवमोग्गा जिल्ह्यात अरसाळू नावाचे लहानसे रेल्वे स्थानक आहे. मालिकेतील मालगुडी स्थानक ते हेच. त्याच्या जुन्या इमारतीत रेल्वेने 2020 साली संग्रहालय केले. मी आणि माझा तो मित्र तेथे गेलो. दोघांचीही डोकी पांढरी झालेली. त्याने फलाटावर उभे राहून स्वामीचे एक वाक्य हिंदीत म्हणून दाखविले. क्रियापदाचे लिंग चुकले होते, आणि सवयीने मी ते दुरुस्त केले.